दोनशे बारा नंबरचा बदली

१

संपाला सहा महिने होत आले तेव्हा गुणाजी परबाला एक सवय जडली होती, आणि ती चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटे. सकाळचे दहा वाजले की तो जपानला जायचा.

जपान म्हणजे लालबागच्या त्यांच्याच गल्लीतलं वाचनालय. तळमजल्यावरची लांबट खोली, मधे मेणकापड ठोकलेलं टेबल, दोन्ही अंगांना बाकं, वर एकच पंखा. पाचव्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात चौदा जपानी कादंबऱ्या होत्या. ठाकूरद्वारच्या सरोजिनीबाई नवऱ्याच्या नोकरीपायी बारा वर्षं तिकडे राहून आल्या होत्या. त्यांनी हौसेने त्या मराठीत आणल्या, प्रकाशक एकही मिळाला नाही, तेव्हा टाइप केलेले कागद शिवून, पुठ्ठे बांधून वाचनालयाला देऊन टाकले. वर्षानुवर्षं त्यांना कोणी हात लावला नव्हता. संपात मात्र गिरणगावाला वेळच वेळ होता. शिकारीची, तुरुंगाची, राजेरजवाड्यांची पुस्तकं लोकांनी आधीच पळवली आणि गुणाजीच्या वाट्याला जपान आलं.

ग्रंथपाल माधवरावांचा एक नियम होता. पुस्तक परत करताना अभिप्राय वहीत चार ओळी लिहायच्या आणि खाली नाव नाही, सभासद नंबर टाकायचा. चार ओळी नाहीत तर पुढचं पुस्तक नाही. बहुतेक मंडळी ‘पुस्तक छान आहे, सर्वांनी वाचावे’ एवढ्यावर सुटका करून घेत. गुणाजीचा नंबर दोनशे बारा. त्याने मात्र साच्याला, म्हणजे मागाला, लावावा तसा जीव या कामाला लावला होता. पंचवीस वर्षं कापड विणलेला माणूस तो; ताण्यात एक धागा तुटला तरी त्याला लांबून दिसे.

जपानी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्याने लेखकांना आपली नावं दिली होती. एक ‘आजारी’, कारण त्याच्या प्रत्येक कादंबरीत कोणीतरी खोकत असे. एक ‘स्वयंपाकवाली’. आणि तिसरा ‘दारवाला’, कारण त्याच्या गोष्टीत कुठलंतरी दार अर्धवट उघडं राहून गेलेलं असे आणि शेवटपर्यंत ते कोणी लावत नसे.

आजारीबद्दल त्याने लिहिलं होतं: ‘याने एक माणूस मारायला तीनशे पानं घेतली. आमच्या खात्यात क्षयाने माणूस तीन महिन्यांत जातो आणि खिडकीबाहेरचं झाड बघायला त्याला सवड नसते. तरीपण झाड खरं वाटलं. रात्री ते माझ्याच खिडकीबाहेर आहे असं वाटत होतं.’

स्वयंपाकवालीबद्दल: ‘आपल्याकडचे लेखक वाचकाला हाताला धरून सगळं घर दाखवतात आणि निघताना तात्पर्याची पुडी बांधून देतात. ही बाई नुसता भात धुते आणि आपल्याला कळतं की नवरा परत येणार नाही.’

माधवराव त्याचे अभिप्राय मोठ्याने वाचत, मान हलवत आणि म्हणत, “परब, तुम्ही चुकून गिरणीत गेलात हो.” गुणाजी हसून डाव्या भुवईवरून बोट फिरवी. तिथे जुनी खोक होती. ऐन पाळीत सुताचा धोटा साच्यातून उडून लागला होता, तेव्हाची.

दारवाल्यावर मात्र त्याचा राग होता. त्याची एक कादंबरी अशी की, एक माणूस कामासाठी परगावी जातो, परततो तर घरात त्याच्या जागी दुसराच माणूस जेवत बसलेला. बायको, शेजारी, कोणाचीच काही तक्रार नाही. आणि हा बाबा दारातून मुकाट्याने मागे फिरतो! गुणाजीने लिहिलं: ‘हे पटत नाही. हा ओरडत का नाही? आमच्या चाळीत असं झालं असतं तर चारी माळे गोळा झाले असते. लेखकाला माणूस कळत नाही.’ खाली दोनशे बारा नंबर टाकला आणि रागाने रेघ ओढली.

२

जुलैत कणकवलीकडून निरोप आला. आई, जाईबाई, अंगणात पडली होती, एक बाजू गेली होती. गुणाजीने त्याच रात्रीच्या गाडीने निघायचं ठरवलं. बायकोला, मालनला, बरोबर नेणं शक्य नव्हतं. ती सहा माणसांची खानावळ चालवत होती आणि संपात तेवढाच आधार होता.

“पत्र टाकीत जावा,” मालन म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. “कोणाकडून तरी वाचून घेईन.”

दुपारी तो पुस्तक परत करायला गेला. माधवराव जेवायला घरी गेले होते. भिंतीवर नवी पाटी होती: तीन महिने कार्ड वापरलं नाही तर सभासदत्व रद्द. संपामुळे नवे सभासद रांगेत उभे होते, माधवरावांचाही इलाज नव्हता. गुणाजीने खिशातलं कार्ड काढून बघितलं. गिरणीतला नंबर गेल्यातच जमा होता. हाही जावा?

बाकावर त्याच्या शेजारी एक माणूस बसला होता. आठ-पंधरा दिवस तो रोज दिसत होता, समोर पेपर धरून, पण त्याने पान उलटलेलं गुणाजीने पाहिलं नव्हतं. साच्यांच्या धडधडाटात गुणाजीचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे त्याला माणसं ऐकू येण्याआधी जाणवत. या माणसाशेजारी बसलं की बाक बारीक थरथरतोय असं वाटे. साचेखात्याची फरशी थरथरायची तसा. सहा महिने सगळ्या गिरण्या बंद, भोंगासुद्धा वाजत नव्हता. पंख्यामुळे असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पंखा त्या वेळी बंद होता हे त्याला पुष्कळ दिवसांनी आठवलं.

घाईत माणूस जे रोज करत आला तेच करतो. गिरणीत दांडी मारायची झाली की आपल्या साच्यावर बदली उभा राहायचा. फाटकापाशी पहाटे बदल्यांची रांगच असे. साचा आपला, नंबर आपला, हात तेवढे दुसऱ्याचे. आठ दिवसांनी परत आलं की तो बाजूला होई आणि आपण उभे राहत असू. त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

गुणाजीने कार्ड त्या माणसापुढे धरलं. “मी गावाला चाललोय. तेवढे दिवस माझा बदली म्हणून बसाल? पुस्तक न्यायचं, वाचायचं, चार ओळी लिहायच्या. नंबर दोनशे बारा.”

माणसाने कार्ड घेतलं. मग तो काहीतरी बोलला. आवाज गुणाजीपर्यंत पोचला नाही, पण साचेखात्यातली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. तो म्हणाला होता, “माझं नाव विचारा.”

गुणाजी हसला. “बदलीला नाव कशाला, दादा?” आणि पिशवी उचलून तो चालू लागला. दारातून त्याने वळून पाहिलं नाही. बघण्यासारखं काय होतं?

३

आई बोलत नव्हती. एका डोळ्याने ती त्याच्याकडे पाहत राही आणि तो तिला पेज भरवी. ओसरीवर बसून त्याने मालनला चार पत्रं टाकली. उत्तर एकाचंही आलं नाही. रागावली असेल, त्याने स्वतःची समजूत घातली, किंवा लिहून द्यायला कोणी भेटलं नसेल.

गणपतीला बुधाजी गावी आला. तो लालबागला गुणाजीच्याच चाळीत, त्याच माळ्यावर राहायचा. गुणाजीला पाणंदीत पाहून तो जागीच थबकला.

“अरे, तू कधी इलंस? परवाच तुका वाचनालयात बघलंय!”

“मी जुलैपासून हंयच असंय.”

“मस्करी करतंस? वही लिहीत बसललंस. मी हाक मारलंय, तू हात वर केलंस.” बुधाजीने त्याला खालवर न्याहाळलं आणि मग जरा ओशाळून म्हणाला, “पाठमोरोच बघलंय म्हणा.”

गुणाजी हसला. पाठीमागून सगळे गिरणीवाले सारखेच दिसतात, हे त्याचं त्यालाच पटलं. बदली आहे, वही लिहितोय, म्हणजे काम चोख चाललंय. संध्याकाळी आरतीला मात्र त्याचे हात टाळीवर बसेनात. हाक मारली ती बुधाजीने, गुणाजी म्हणून. मग त्या माणसाने हात का वर केला?

दिवाळीआधी आई गेली. त्याने अग्नी दिला, मालनला तसं पत्र टाकलं, दहाव्याला डोकं उतरवलं, तेरावं केलं. त्याच सुमारास त्याला हिवताप झाला, घसा बसला तो सुटलाच नाही. गालफडं आत गेली. मुंबईच्या गाडीत बसताना आरशात त्याने स्वतःला पाहिलं आणि बाजूला सरकला, मागच्या माणसाला जागा द्यावी तसा.

४

परळला उतरून तो चालत गल्लीत आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. वाचनालय पेपर वाचणाऱ्यांसाठी उघडलं होतं. घरी जायचं सोडून आधी तो तिथे शिरला, हे त्याला पुढे कायम लागून राहिलं.

माधवराव पेपरांना काठ्या लावत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. टक्कल, खुरटी दाढी, ओळखणार कसे? जरा गंमत करावी म्हणून तो काही न बोलता वहीपाशी गेला.

दोनशे बारा. दोनशे बारा. पानामागून पान. उरलेल्या कादंबऱ्या तर होत्याच, पण त्याने वाचून संपवलेल्यांवरही पुन्हा लिहिलं होतं. अक्षर उजवीकडे कललेलं, सातवी पास माणसाचं, ओळीच्या शेवटी दाटीवाटी करणारं. त्याचंच अक्षर होतं. बदलीने नक्कल केली असेल, प्रामाणिकपणाच्या जादा कल्पनेपायी. करतात काही लोक.

पण विचारांची नक्कल कशी करतात? आजारीबद्दल लिहिलं होतं: ‘झाड बघायला सवड नसते असं मी मागे लिहिलं ते खोटं होतं. माझा भाऊ गेला तेव्हा मी झाडच बघत होतो.’ गुणाजीचा धाकटा भाऊ त्रेसष्ट साली इस्पितळात गेला होता. खिडकीबाहेर बदाम होता. ही गोष्ट त्याने मालनलासुद्धा सांगितली नव्हती.

त्याने घाईघाईने दारवाला शोधला. ‘मागचा अभिप्राय रागात लिहिला होता. तो माणूस ओरडत का नाही ते आता कळलं. ओरडायचं तर आपण कोण ते आधी सांगावं लागतं, आणि ते सांगणारा आत बसून जेवत असतो. लेखकाला माणूस कळतो. वाचकाला उशिरा कळतो.’

हे त्याच्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. भीतीच्या आधी त्याला हेवा वाटला, आणि त्या हेव्याचीच मग भीती वाटली.

“अहो, ती वही सभासदांसाठी आहे,” माधवराव म्हणाले. “पेपर वाचायचा तर वाचा.”

“माधवराव, मी गुणाजी.” घशातून नुसती घरघर निघाली.

“परब ना? येतील दहाला. रोज येतात, एक दिवस चुकत नाहीत.” माधवराव कौतुकाने वहीकडे पाहत होते. “बसा हवं तर.”

५

जिना चढताना त्याने सगळ्याचा नीट हिशोब लावला. म्हाताऱ्याची नजर गेली, आपला आवाज गेला, डोक्यावर केस नाहीत. गंमत आपणच सुरू केली. मालन बघेल आणि आधी रडेल, मग पत्रांवरून भांडेल. दार उघडंच होतं. आत स्टोव्ह फरफरत होता. खिळ्यावर त्याचा सदरा नव्हता. दोरीवर वाळत होता, ओला.

मालन पदराने डोळे पुसत बाहेर आली. स्टोव्हच्या धुराने तिला चार हातांपलीकडचं धड दिसत नसे. तो उंबऱ्याशीच होता, दोन हातांवर.

“गावासून इलात?” ती म्हणाली. “टक्कल बघून वळाखलंय, भावकीतले असतले. बसा. हे आत्ताच खाली गेले, दाढी करूक. पाणी देतंय.”

तिने पाट मांडला. पाहुण्यांना मांडायचे, तो.

“आई गेल्याचो कागद इलो,” ती तांब्या पुढे करत म्हणाली. “ह्येंनीच वाचून दाखवल्यानी. आधीचे चारय कागद ह्येंनीच वाचल्यानी. वाचता वाचता इतके रडले, इतके रडले! संपाच्या भानगडीत जाऊक गावला नाय ना. आईक अग्नी कोणी दिल्यान हो?”

गुणाजीने तांब्या घेतला. ओरडायला हवं होतं. चारी माळे गोळा व्हायला हवे होते. त्याने तोंड उघडलं आणि त्याला आपलं नाव सांगता येईना. आठवत होतं, नाही असं नाही, पण दुसऱ्याचं आठवावं तसं आठवत होतं.

“मालन,” तो म्हणाला.

ती एकदम मागे सरली. पदर डोक्यावरून पुढे ओढला. सव्वीस वर्षांत तिने त्याच्यापुढे तसा पदर कधी ओढला नव्हता.

“घरात ते नसताना नावान हाक मारू नकात,” ती हळू पण कडक आवाजात म्हणाली. “बरा दिसणा नाय ता. ते वाचनालयात असतले दहा वाजता. थंयच भेटा त्यांका.”

तो उठला. तांब्या खाली ठेवला. जिन्यावर त्याला बुधाजीची बायको भेटली आणि वाट देण्यासाठी भिंतीशी सरली, अनोळखी माणसासाठी सरतात तेवढी.

६

दहा वाजता तो वाचनालयाच्या दारात उभा होता. त्याच्या जागेवर एक माणूस पाठमोरा बसला होता. दोरीवरच्या सदऱ्यासारखाच दुसरा सदरा. वहीवर पेन्सिल चालत होती आणि अर्ध्या बहिऱ्या गुणाजीला ती दारातून स्पष्ट ऐकू येत होती. बाकीचं काही ऐकू येत नव्हतं. रस्ता नाही, पंखा नाही.

लिहिणाऱ्याने विचार करायला पेन्सिल थांबवली आणि मान जराशी डावीकडे वळवली. अर्धा गाल दिसला. मग डाव्या हाताचं बोट वर गेलं आणि भुवईवरून फिरलं. तिथे खोक होती. जुनी, पांढरट, धोट्याची.

गुणाजीने स्वतःच्या भुवईला हात लावला. कातडी सपाट होती. त्याने पुन्हा चाचपून पाहिलं, मग दुसऱ्या भुवईवर पाहिलं. हिवतापात घामाने माणसाची कातडी बदलते असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि तेवढं धरून तो काही वेळ उभा राहिला. समोरचा माणूस वळला नाही. वळला असता तर पुढे काय झालं असतं याचा विचार गुणाजीने नंतर पुष्कळ केला, पण त्या वेळी तो वळू नये अशीच तो देवाकडे मागणी करत होता.

मग तो आत गेला आणि समोरच्या अंगाच्या बाकावर, अगदी कोपऱ्यात बसला. एक पेपर उघडून तोंडासमोर धरला.

७

संप कोणी मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. नवं वर्ष लागलं. काही गिरण्यांची फाटकं उघडली, आत कोण गेलं, कोणाच्या नंबरावर गेलं, याची कोणी विचारपूस केली नाही. गुणाजी रोज पेपर धरून बसे. झोपे कुठे, खाई काय, याचा त्याला स्वतःलाही नीट पत्ता लागत नसे. फक्त एक गोष्ट त्याला कळून चुकली होती. शेजारी कोणी बसलं की तो माणूस थोड्या वेळाने खाली बाकाकडे बघे, हात लावून बघे आणि पलीकडे सरके. गुणाजीला स्वतःला ती थरथर जाणवत नव्हती.

समोर दोनशे बारा लिहीत असे. गुणाजीने एकदाही त्याचा चेहरा समोरून पाहिला नाही. वेळ आली की तो पेपर वर करी. दुपारी समोरचे ते गेले की उठून नवा अभिप्राय वाची. फार चांगलं लिहीत. ते घरी मालनलाही वाचून दाखवत असतील, असं त्याच्या मनात येई. गुणाजीने ते कधी केलं नव्हतं. तिला काय कळणार, असं म्हणत राहिला होता. आता त्याचा त्याला इतका पश्चात्ताप होई की पेपरवरची अक्षरं पुसट दिसत.

शिमग्याच्या आधी एके दुपारी गिरणीच्या रिंगखात्यातला, सूत कातणारा कुशाबा धावतपळत आला. साताऱ्याकडचा गडी, नंबर तीनशे चाळीस. हातात वळकटी, कपाळावर घाम. पोरीला बघायला पाव्हणे येणार होते, लगोलग निघायचं होतं. त्याने भिंतीवरची पाटी वाचली, रिकाम्या वाचनालयात इकडेतिकडे पाहिलं आणि कार्ड गुणाजीपुढे धरलं.

“पाव्हणं, जरा माझा बदली म्हणून बसता का? तीन-चार म्हैनं. चार वळी लिवायच्या फकस्त.”

गुणाजीचे हात पेपरवरच राहिले. घेऊ नये, हे त्याला माहीत होतं. या माणसाला घर होतं, लग्नाची पोरगी होती. काय सांगावं म्हणजे तो बचावेल, हे शोधताना त्याच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं एकच वाक्य आहे. जेवढा जोर होता तेवढा लावून तो म्हणाला, “माझं नाव विचारा.”

आवाज निघाला नाही. पण कुशाबाही गिरणीतलाच, त्याने ओठ वाचले आणि मोकळेपणी हसला.

“बदलीला काय नाव इचारायचं!”

कार्ड गुणाजीच्या हातात ठेवून तो निघाला. दारात त्याने वळून पाहिलं नाही. गुणाजी उठायला गेला तर हात आपसूक मिटला होता आणि कार्ड ऊबदार लागत होतं. किती महिन्यांनी काहीतरी ऊबदार लागत होतं.

त्याने पाचव्या कपाटातून दारवाल्याची ती कादंबरी काढली आणि दुपारभरात वाचून संपवली. संध्याकाळी वहीत चार ओळी लिहिल्या. अक्षर ठळक, बुटकं, सरळ उभं होतं. त्याने ते असं कधीच काढलं नव्हतं. खाली तीनशे चाळीस लिहिलं.

“काय कुशाबा,” माधवराव दिवा लावताना म्हणाले, “आज फार वेळ बसलात.”

त्याला भूक लागली होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. वही मिटून तो बाहेर आला आणि गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळला, कुशाबाच्या चाळीकडे. ती चाळ त्याने आयुष्यात कधी पाहिली नव्हती. वाट त्याने कोणालाच विचारली नाही.